घराचे वासे

गेल्या डिसेंबरात दादाकडून कुरियरने एक पाकीट आलं. आत तीन पानी मसुदा होता, हक्कसोडपत्राचा. राजापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरातला माझा हिस्सा मी राजीखुशीने सोडते आहे, अशा अर्थाचा. सोबत दादाच्या अक्षरात चार ओळी होत्या. “घर पाडायचं ठरवतो आहे. जुनं लाकूड घेणारा माणूस खांब नि तुळया बघून गेला. पावसाच्या आत उरकायला हवं. तेवढी अबू धाबीला जाऊन दूतावासात सही कर आणि कागद पाठव. वहिनीने आठवण सांगितली आहे.”

ह्यांनी कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. “तुझं माहेर. तू ठरव,” एवढंच म्हणाले. मी तो कपाटात आजीच्या नथीच्या डबीखाली ठेवून दिला. सही करायला नकार द्यावा असं काही मनात नव्हतं. पण पेनही उघडवेना.

त्याच सुट्टीत आम्ही दलमाला गेलो. आपण रुवैसला दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं काढतो. भारतातून पाहुणे आले की दुबईच्या उंच इमारती दाखवायला तीन-चार तास गाडी हाकतो. पण हाकेच्या अंतरावरच्या जबल धन्नाहून बोटीत बसून दलमाला जाणारी मंडळी आपल्यात थोडीच. आम्हीही इतक्या वर्षांत पहिल्यांदाच निघालो होतो, आणि तेसुद्धा धाकटीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी. विषय होता ‘जुनी घरं’. मोठ्या बोटीत गाडीसकट चढलो. वाटेत सर बनी यासचे डोंगर दिसले, आणि किनाऱ्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर काळपट टेकड्यांचं दलमा बेट वर आलं.

आज बघून पटणार नाही, पण तेल निघण्यापूर्वी या सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर गजबजलेलं ठिकाण हेच होतं. कारण दोन. एक, बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी होत्या. दुसरं, आजूबाजूच्या उथळ समुद्रात मोत्यांच्या शिंपल्यांच्या जागा होत्या. उन्हाळ्याच्या हंगामात, जून ते सप्टेंबर, शेकडो होड्या या पाण्यात असत, आणि मोती विकत घेणारे व्यापारी बेटावर उतरत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या अमिरातींच्या किनाऱ्यावर १,२००हून अधिक मोत्यांच्या होड्या आणि त्यांच्यावर २२,०००च्या आसपास माणसं होती, अशी नोंद ब्रिटिश अधिकारी लॉरिमर याने आपल्या गॅझेटियरमध्ये केलेली आहे. त्या काळातल्या एका मोती व्यापाऱ्याचं घर दलमाला उभं आहे. त्याचं नाव मोहम्मद बिन जासिम अल मुरैखी, आणि घराला ‘बैत अल मुरैखी’ म्हणतात. आसपास जुन्या मशिदी आहेत, त्यांतली एक याच घराण्याच्या नावाने ओळखली जाते. १९९०च्या दशकात सरकारने या सगळ्या वास्तूंची डागडुजी केली आणि घराचं संग्रहालय केलं.

घर दुमजली आहे. खाली कोठारं, वर बैठकीची जागा, म्हणजे मजलिस. खालच्या भिंती जाड आणि बंदिस्त. माल सांभाळायचा असला की खिडक्या कमीच बऱ्या. वर मात्र खिडक्याच खिडक्या, समुद्राचा वारा आत यावा म्हणून. व्यापाऱ्याचं सगळं आयुष्यच त्या दोन मजल्यांत मांडलेलं दिसतं. खाली जपून ठेवायचं ते, वर लोकांना बसवून बोलायचं ते. आपल्या कोकणातल्या घरात हेच एका मजल्यावर पुढे-मागे असतं. पुढे ओटी, आल्यागेल्यासाठी. आत माजघर, आणि त्याच्या आत भाताची कणगी ठेवायची अंधारी खोली.

भिंतीला मी हात लावून पाहिला. या किनाऱ्यावरची जुनी घरं समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाची असतात. दगड आधी धुऊन वाळवायचा, त्यातलं मीठ जाऊ द्यायचं, मग जिप्समच्या चुन्यात, ज्याला इथे ‘जुस्स’ म्हणतात, तो बसवायचा. प्रवाळाला आत लहान लहान पोकळ्या असतात, म्हणून दगड वजनाला हलका आणि उन्हाची धग सहजी आत येऊ न देणारा. मला आमचा जांभा आठवला. तोही असाच भोकाभोकांचा. खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि उन्हावाऱ्यात राहिला की टणक होतो. दोन्हीकडे माणसाने पायाखाली जे मिळालं त्याच्या भिंती केल्या.

लाकडाचं तसं नाही. दलमाला घर बांधण्याजोगं झाड नाही. मान वर करून पाहिलं तर छताला शेजारी शेजारी गोल काठ्या, मनगटाहून जाड, सरळसोट. त्या कांदळवनाच्या झाडाच्या. इथले लोक त्यांना ‘चंदल’ म्हणतात. त्या पूर्व आफ्रिकेहून, लामूच्या बाजूने आणि टांझानियातल्या रुफिजी नदीच्या मुखाकडून, शिडाच्या गलबतांनी येत. विक्री वीस-वीसच्या कोर्जावर. आपली कोडीही वीसचीच. दारं-खिडक्यांसाठी सागवान लागे ते हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून येई.

या काठीवर वजन पेलायचं तर खोलीची रुंदी तीन-साडेतीन मीटरच्या पुढे नेता येत नाही. म्हणून दलमाला बघा, शारजाच्या अल नबूदा या मोती व्यापाऱ्याच्या वाड्यात बघा किंवा दुबईच्या अल फहिदी वस्तीत बघा, जुन्या खोल्या लांबीला कितीही असतील, रुंदीला मात्र अरुंद. व्यापारी कितीही श्रीमंत असो, त्याच्या दिवाणखान्याचं माप हजारो किलोमीटरवरच्या एका झाडाने ठरवलेलं. “घर फिरलं की घराचे वासेही फिरतात” असं आपण म्हणतो. इथले वासे घर होण्याआधीच अर्धा समुद्र फिरून आलेले होते.

मोत्यांची वाट मात्र उलटी होती. ती इकडून मुंबईला जाई. होडीवर दिवसभर बुड्या मारणारा ‘गव्वास’, नाकाला चिमटा, पायाला दगड बांधून खाली जाणारा. वर दोर धरून त्याला ओढणारा ‘सैब’. आणि होडीचा प्रमुख ‘नाखुदा’. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच शब्द. व्यापारी, म्हणजे ‘तव्वाश’, होड्यांवरून मोती विकत घेई, पितळेच्या चाळण्यांमधून गाळून आकारावर वेगळे करी आणि लाल कापडात बांधून ठेवी. पुढे ते मुंबईच्या मोतीबाजारात जात. तिथे त्यांची प्रतवारी होई, भोकं पाडली जात, सर ओवले जात. मोत्याची किंमत करायचं ‘चव’ हे माप मुंबईत आणि आखातात एकच होतं. पैसाही आपलाच होता. १९६६पर्यंत या किनाऱ्यावर रुपया चालत होता.

आपल्या घराघरातल्या नथीत जे ‘बसरा मोती’ असतात, ते बसऱ्यात पिकत नसत. या आखातातले मोती बसऱ्याच्या नावाने विकले जात. आजीच्या नथीतलं मोठं मोती कुठल्या पाण्यातलं हे सांगता येणार नाही. पण दलमाच्या त्या खोलीत उभी असताना मला ती डबी आठवली, आणि तिच्याखालचा कागदही.

आमच्याकडे वाटणी अशीच झाली होती. न बोलता, न भांडता. मुलीला नथ, मुलाला घर. आई गेल्यावर वहिनीने स्वतः डबी माझ्या हातात ठेवली. तेव्हा मला ते अगदी योग्य वाटलं होतं. कायदा वेगळं सांगतो. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. म्हणून तर दादाला माझी सही लागते. पण सही मागेपर्यंत त्या घरात माझंही काही आहे हे त्याला जाणवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

मोती देऊन घर घेण्याचा सगळ्यांत प्रसिद्ध सौदा न्यूयॉर्कला झाला. १९१२ साली पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्यांच्या घरातला जाक कार्तिए मोत्यांसाठी आखातात येऊन गेला होता. त्याच्या भावाने, पिएर कार्तिएने, १९१७ साली फिफ्थ अव्हेन्यूवरचा मॉर्टन प्लांट या धनिकाचा प्रासाद विकत घेतला. मोबदला काय, तर नैसर्गिक मोत्यांचा दोनपदरी हार आणि वर शंभर डॉलर. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. प्लांटबाईंना तो हार इतका आवडला होता की त्यांना सौदा फायद्याचाच वाटला असणार. पुढे काय झालं ते सगळ्या जगाने पाहिलं. जपानमध्ये मिकिमोटो यांनी १८९३ साली शिंपल्यात अर्धगोल मोती तयार करून दाखवलं होतं. १९२०च्या दशकात संवर्धित गोल मोती बाजारात येऊ लागले, १९२९ची मंदी आली, आणि नैसर्गिक मोत्यांचे भाव कोसळले. तो हार १९५७ साली लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास विकला गेला. घर अजून तिथेच उभं आहे, कार्तिएचं दुकान म्हणून.

त्याच पडझडीत दलमा ओस पडत गेलं. ज्यासाठी खाली कोठारं आणि वर खिडक्या केल्या, तो मालच राहिला नाही. माणसं पोटामागे दुसरीकडे गेली. मग १९६३च्या डिसेंबरात आपल्या शेजारच्या जबल धन्नाहून कच्च्या तेलाचं पहिलं जहाज सुटलं, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रुवैसची रिफायनरी सुरू झाली, आणि त्या मागोमाग आपण आलो.

हे सगळं धाकटीला समजावून सांगत होते. तिने वहीत छताच्या काठ्या मोजून लिहिल्या आणि विचारलं, “आई, मग हे घर पडलं का नाही?”

मी म्हटलं, “कोणीतरी दुरुस्त केलं म्हणून.”

“कोणी?”

सरकारने, असं मी उत्तर दिलं. पण बोटीत परतताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. चुना खारट हवेत सुटतो, तो परत परत लावावा लागतो. काठ्यांना कीड लागते, त्या बदलाव्या लागतात. मालक नुसता असून घर उभं राहत नाही. कोणाला तरी शिडी लावून वर चढावं लागतं.

आमच्या घरावर वर्षानुवर्षं कोण चढतं? दादा. मे महिन्यात माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, म्हणून साठी उलटलेला माझा भाऊ स्वतः छपरावर जाऊन कौलं चाळतो. माकडांनी फोडलेली बदलतो. रिपा वाळवीने खाल्ल्या की नव्या ठोकतो. पावसाळ्यात वहिनी माजघरात पाच ठिकाणी पातेली मांडते आणि रात्री उठून रिकामी करते. मी मात्र दर दोन वर्षांनी जाते, ओटीवर बसून चहा पिते, खांबाला टेकून फोटो काढते आणि म्हणते, “काय गारवा आहे रे दादा या घरात!” गेल्या खेपेला हे ऐकून वहिनी काही न बोलता आत निघून गेली होती. ती का गेली ते मला दलमाहून येताना बोटीत कळलं.

आणि ते घर तरी कुठून आलं? आजोबा मुंबईला कापडाच्या पेढीवर कारकून होते. मालकाकडून उचल घेऊन त्यांनी जोतं बांधलं आणि नऊ वर्षं पगारातून फेडली. एका वर्षी भिंती, दुसऱ्या वर्षी तुळया, मग कौलं, असं घर मनीऑर्डरींवर वाढलं. स्वतः ते त्यात सलग असे निवृत्तीनंतरच राहिले. दलमाच्या पाण्यातले गव्वासही उचलीवरच बुड्या मारत. व्यापारी नाखुद्याला द्यायचा, नाखुदा त्यांना. हंगामाअखेर हिशोबात बाकी राहायची ती पुढच्या सालावर जायची, कित्येकांची बापाकडून मुलाकडे यायची. मुरैखींच्या मजलिसमधल्या वाऱ्याला या माणसांच्या घामाचाही हिशोब आहे, हे मुलांना सांगायला हवं. संग्रहालयात व्यापाऱ्याचं घर राहतं. बुड्या मारणाऱ्याची खजुराच्या झावळ्यांची खोपटी कुठे राहते?

आपणही परक्या मुलखातल्या मालावर जगणारी माणसं. रुवैसमधलं आपलं घर कंपनीचं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी आपण विचार करतो, आणि निवृत्तीच्या दिवशी किल्ल्या परत द्यायच्या हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. या घराने मुलं वाढवली. पण त्यामुळेच गावाकडचं घर आपण मनात फार मोठं करून ठेवतो. ते आपल्या आठवणीसाठी तिथे कोणीतरी उभं धरून ठेवावं, अशी आपली अपेक्षा असते. खर्च आणि पाठदुखी त्याची, आठवण आपली.

रुवैसला परतल्यावर त्या रात्री दादाला फोन केला. आधी तो रागावलाच. त्याला वाटलं, मी हिस्सा मागणार.

“दादा, मला पैसे नकोत,” मी म्हटलं, “पण सही लगेच करत नाही. यंदा मे महिन्यात मी येते. महिनाभर राहते.”

“येऊन काय करणार तू?”

“कौलं चाळायला माणसं लावू. मजुरी मी देईन. सुताराला बोलावू. कुठला वासा गेला, कुठला राहिला, ते त्याच्याकडून नीट बघून घेऊ. दुरुस्तीचा आकडा माझ्या आवाक्यातला असला तर दर वर्षीचा खर्च माझा. मला घर हवं असेल तर माझा तेवढा हात लागला पाहिजे.”

“आणि आवाक्यातला नसला तर?”

“तर तिथेच रजिस्ट्रारच्या कचेरीत येऊन सही करते. पुन्हा घराचं नाव काढून तुला आणि वहिनीला टोचणार नाही.”

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “माजघरावरची तुळई चांगली आहे अजून. तो लाकूडवाला तिच्यावरच डोळा ठेवून आहे.” त्याच्या आवाजावरून मला कळलं की पाडायची घाई त्यालाही नव्हती. तो थकला होता, इतकंच. मागून वहिनीचा आवाज आला, “येते आहे ना, मग छत्री नको म्हणावं, एक प्लास्टिकचा मोठा कागद आण.” आम्ही तिघंही हसलो.

आपल्या मंडळातल्या अनेक घरांत असा एखादा न सही केलेला कागद कपाटात पडलेला असेल. कोणी सही करावी, कोणी करू नये, हे सांगणारी मी कोण? पाडावं लागतं तेव्हा पाडावंच लागतं. फक्त एक करा. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा मुलांच्या हातात टेप द्या आणि घर मोजून घ्या. खोल्यांची लांबी-रुंदी, खांबांची संख्या, भिंतीची जाडी, कुठला दगड, कुठलं लाकूड, ते कुठून आलं, कोणाच्या पैशाने आलं, सगळं वहीत उतरवा. फोटो माणसांचे काढतोच, एकदा छताचेही काढा. जी वडीलधारी मंडळी आहेत त्यांना विचारा. दलमाच्या घराचे वासे आफ्रिकेचे, हे आज आपण सांगू शकतो, कारण कोणीतरी विचारलं आणि लिहून ठेवलं. आमच्या माजघराची तुळई कुठल्या डोंगरातली, हे मला माहीत नाही, आणि सांगणारी आजी आता नाही. दादाला बहुधा माहीत असेल. मे महिन्यात पहिलं तेच विचारणार आहे.

हक्कसोडपत्र अजून नथीच्या डबीखालीच आहे. विमानाची तिकिटं काढली आहेत. आणि धाकटीने तिच्या प्रकल्पाच्या वहीत दलमाच्या घरापुढची चार पानं कोरी सोडली आहेत.